आणि बंधू

ती तसबीर आधी खाली उतरव. मग बोलू.

गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या शेजारी, तू तो दाढीवाला चिनी म्हातारा टांगला आहेस. पुण्याला दोन दिवसांच्या उद्योजक शिबिराला गेला होतास, तिथून आणलीस ना ती? खाली मराठीत छापलंय, थोरांचा शब्द मोडू नये अशा अर्थाचं, आणि त्याखाली नाव कन्फ्युशियस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी हरभऱ्याचं बियाणं पाहायला दुकानात आलो होतो. वाशीमपर्यंत माल नेणं ज्यांना परवडत नाही अशी सात-आठ माणसं सोयाबीनचे कट्टे घेऊन उभी होती. मॉइश्चर मीटरवर तेरा आलं आणि तू पट्टीवर पंधरा चढवलंस. तुझा धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा लावून पाहू का?" एवढंच म्हणाला. तू मान न वळवता तसबिरीकडे बोट केलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "वाच. मोठ्याच्या तोंडी लागू नये."

तो गप्प झाला. कट्टेवाला शेतकरी गप्प झाला. मीही गप्प राहिलो, आणि तेच मला चार दिवस डाचतंय. म्हणून तुला घरी बोलावलं. बस. चहा नंतर.

तुझ्या त्या म्हाताऱ्याला मी तुझ्या जन्माआधीपासून वाचतो आहे. जेम्स लेग नावाच्या मिशनऱ्यानं 1861 साली केलेलं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, पाहायचं तर पाहा. चिनी लोक त्याला खुंग फूत्झ म्हणतात, म्हणजे खुंग गुरुजी. इसवी सनापूर्वी 551 मध्ये लू नावाच्या छोट्या राज्यात जन्मला. बाप लहानपणीच गेला. घर गरिबीत चाललं. आणि एक गोष्ट तुला शिबिरात सांगितली नसेल. तो स्वतः धाकटा होता. त्याला सावत्र मोठा भाऊ होता, पायानं अधू. त्या भावाच्या मुलीचं लग्न या धाकट्यानं जमवून दिलं, याची नोंद त्याच्या शिष्यांनी केलेल्या पुस्तकात आहे. ज्याचं नाव घेऊन तू धाकट्याचं तोंड बंद केलंस, तो जन्मभर कुणाचा तरी धाकटाच होता.

आता तो आपल्या शिष्यावर कसा रागावला ते ऐक. रान छ्यू नावाचा त्याचा एक शिष्य होता. हुशार, हिशेबात पक्का. तो ची घराण्याच्या नोकरीला लागला. हे घराणं राजाहूनही श्रीमंत झालेलं होतं, आणि रान छ्यूनं काय केलं, तर त्यांच्यासाठी रयतेकडून आणखी वसुली करून त्यांची तिजोरी फुगवली. गुरुजींना कळलं. त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं नाही. बाकीच्या शिष्यांना सांगितलं की हा आता आपल्यातला नाही, नगारे वाजवत त्याच्यावर चालून जायला माझी ना नाही. साऱ्या पुस्तकात इतका कडक शब्द त्यांनी आपल्या माणसासाठी क्वचित काढला असेल. आणि कशापायी? शिष्यानं मोठ्याचा शब्द मोडला म्हणून नव्हे. शिष्यानं मोठ्याचा शब्द पाळला आणि गरिबाच्या घरातून काढून श्रीमंताच्या घरात भर घातली म्हणून.

हे तुझ्या तसबिरीखाली छापलेलं नाही.

तू अर्धंच उचललंस. ते अर्धं तुला सोयीचं होतं, म्हणून उचललंस. लोक मोठमोठ्यानं सांगतात की कन्फ्युशियस म्हणजे थोरांचा मान, बापाची आज्ञा, मालकाशी इमान, आणि म्हणूनच जपान-कोरियाचे कारखाने चालतात. अरे, प्राचीन चिनी आचारग्रंथात दहा कर्तव्यांची यादी आहे, जोड्या लावून दिलेली. बाप आणि मुलगा, थोरला भाऊ आणि धाकटा, नवरा आणि बायको, वडीलधारे आणि पोरंसोरं, राजा आणि सेवक. या पाचही जोड्यांत आधी कुणाचं कर्तव्य लिहिलंय? थोराचं. बापानं माया करावी, मग मुलानं सेवा करावी. थोरल्यानं भलं असावं, मग धाकट्यानं मान द्यावा. राजानं दया ठेवावी, मग सेवकानं निष्ठा ठेवावी. त्याच परंपरेतला मेन्शियस खुंग गुरुजींनंतर शे-दीडशे वर्षांनी आला, त्यानं पाच नाती सांगितली. बाप आणि मुलगा यांच्यात काय असावं म्हणून त्यानं कोणता शब्द वापरला? आज्ञा नाही. जिव्हाळा.

तुझ्या भावाच्या जागी मी असतो तर त्या दिवशी विचारलं असतं, दादा, तुमचं अर्धं कुठे आहे?

तुझ्या दुकानाची पाटी पिवळी, त्यावर हिरवी अक्षरं. तुझ्या नावापुढे 'आणि बंधू' लिहिलंय. तो बंधू कोण? अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकून आलेला पोरगा. तुझा कीटकनाशकांचा परवाना त्याच्या पदवीवर आहे, हे आपल्या सगळ्या जऊळका गावाला माहीत आहे. ते प्रमाणपत्र भिंतीवर लटकतंय म्हणून तुझं दुकान उघडं आहे. त्याला महिन्याला काय देतोस? घरातलाच आहे म्हणतोस. नफ्यात वाटा? घरातलाच आहे. गल्ल्याची चावी? तो लहान आहे. तिशी उलटलेला माणूस लहान! काहून? पैशांची गोष्ट निघाली की लहान, आणि औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचायचं असलं, कृषी खात्याचा साहेब तपासणीला आला, की मोठा.

खुंग गुरुजींना एकदा शिष्यानं विचारलं, राज्य हाती आलं तर पहिलं काम काय कराल. ते म्हणाले, नावं दुरुस्त करीन. शिष्याला ते खुळचट वाटलं, त्यानं तसं तोंडावर सांगितलंही. गुरुजींचं म्हणणं असं की ज्याला राजा म्हणायचं त्याचं वागणं राजासारखं असलं पाहिजे, ज्याला बाप म्हणायचं त्याचं बापासारखं. नाव एक आणि वस्तू दुसरी झाली की बोलणं खोटं पडतं, बोलणं खोटं पडलं की काम बिघडतं, आणि शेवटी सामान्य माणसाला हात कुठे ठेवावा, पाय कुठे ठेवावा तेही कळेनासं होतं. तुझ्या पाटीवरचा 'बंधू' हे असलं चुकीचं नाव आहे. एकतर त्याला बंधू कर, नाहीतर रंगारी बोलावून ते दोन शब्द पुसून तिथे 'आणि बिनपगारी नोकर' लिही. निदान गावाला खरं काय ते वाचता येईल.

मान खाली घालू नकोस. पुढे ऐक.

तुझा बाप. त्यानं ज्या सायकलवर तुला शाळेत सोडलं ती मी पाहिली आहे, मागच्या चाकाला मडगार्ड नव्हतं, पावसाळ्यात तुझ्या पाठीवर चिखलाची रेघ उमटायची. आज तो दुकानामागच्या गोदामात खाटेवर बसतो. जेवण वेळेवर येतं, बीपीच्या गोळ्या येतात, दिवाळीला धोतरजोडी येते. लोक म्हणतात, पोरानं बापाला सुखात ठेवलं. पण तू त्याच्याशी बोलत नाहीस. शेतीच्या हिश्श्याचा कागद त्याच्या अंगठ्यासाठी नेलास तेव्हा काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाहीस. हे मला त्यानंच सांगितलं, पारावर, नजर दुसरीकडे ठेवून. खुंग गुरुजी म्हणत, आजकाल आईबापाला खाऊ घालणं यालाच लोक सेवा समजतात. पण खाऊ तर आपण कुत्र्याला घालतो, घोड्याला घालतो. मनात आदर नसेल तर फरक काय राहिला? अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस तुझ्या गोदामात डोकावून गेल्यासारखं बोलतो. बैलालाही तू वेळेवर ढेप घालतोस.

आता धंद्याचं. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुझा समज आहे की मास्तरला धंद्यातलं काय कळतं.

हा माणूस तरुणपणी पोटासाठी काय करत होता, ठाऊक आहे? धान्याच्या कोठारावर हिशेब ठेवत होता. नंतर गुराढोरांच्या चराईवर देखरेख केली. मेन्शियसनं ते सांगितलंय. कोठारावर असताना त्याला एकच काळजी, मापं आणि आकडे बरोबर असावेत. गुरांवर असताना एकच, जनावरं अंगानं भरावीत. तत्त्वज्ञान पुढे आलं, आधी माप आलं. तू ज्या धंद्यात आहेस त्याच धंद्यातला तो माणूस आहे, फक्त त्यानं तेराला तेरा लिहिले.

हिशेब करू. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. तू ओलाव्याच्या नावानं क्विंटलमागे दोन किलो जास्तीची काट लावतोस. हमीभावानं धरलं तर क्विंटलमागे एकशेसहा रुपये, आणि दहा क्विंटल घेऊन येणाऱ्याचे हजारावर. तू हमीभाव देत नाहीस हे निराळंच. तुझ्या दृष्टीनं दोन किलो म्हणजे गोदामात सांडणारा माल. त्याच्या घरी ती लेकीच्या बसच्या पासची रक्कम आहे. शिवाय चुकारा आठ दिवसांनी, आणि तोही उधारीत वळता करून. खताचं पोतं मागितलं की सोबत नको असलेली बाटली गळ्यात. तू आदर, निष्ठा, परंपरा यांवर तासभर बोलू शकतोस, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी पाठवतोसही. शेतकऱ्याच्या पट्टीवर त्यातलं काय उतरतं?

आपल्या जिल्ह्याला तर हे शिकायला चीनपर्यंत जायला नको. कारंजा इथून किती लांब? याच वाशीम जिल्ह्यातलं कारंजा. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ तिथे 1886 साली झाली, कापसाची. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. तो बंदोबस्त धर्मादाय म्हणून झाला नव्हता, गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. पण वजनाला आणि हर्रासाला नियम लागले. मग 1897 चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला, आणि पुढे 1963 चा बाजार समित्यांचा कायदा. म्हणजे तुझ्या आणि माझ्या आजोबांच्या आधीपासून सरकार काटा सरळ धरायला सांगत आलंय. आणि तरी तेराचे पंधरा होतात. काहून होतात? कारण तू गावातच माल घेतोस, कायदा तिथे उभा नसतो. खुंग गुरुजींचा सगळा जोर इथेच होता. नुसत्या कायद्यानं आणि शिक्षेनं लोकांना हाकलं तर ते सापडणार नाही एवढं शिकतात, लाज शिकत नाहीत. लाज आतून यावी लागते, आणि ती मोठ्यांचं पाहून येते. दुकानात मोठा कोण? तू. मग त्या दिवशी तिथे उभ्या पोरासोरांनी काय पाहिलं?

विश्वासाबद्दल त्यानं दिलेला दाखला तुला मुद्दाम सांगतो, कारण तू गाडीबैलाच्या घरातला आहेस. ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही तो माणूस कसा, तर जुवाची जोडणी नसलेल्या गाडीसारखा. बैल आहे, गाडी आहे, मधे धरून ठेवणारी वस्तू नाही, मग ओढायचं काय? तू लहानपणी बापाबरोबर पऱ्हाटीची गाडी घेऊन गेला आहेस. एखाद्या वेळी शिवळ मोडली तर भरली गाडी रस्त्यात कशी उभी राहते, तुला माहीत आहे. लाकडाचा हातभर तुकडा. राज्य चालवायला अन्न, शस्त्र आणि लोकांचा विश्वास लागतो, त्यातलं आधी काय सोडाल, असं एकदा शिष्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले, शस्त्र. मग? मग अन्न. विश्वास त्यांनी हातातून सोडला नाही. प्रश्न विचारणारा कोण होता सांगू? त्झकुंग. तो व्यापारी होता. मोठा, पैसेवाला, ज्याचा अंदाज बाजारात सहसा चुकत नसे असा. गुरुजी वारले तेव्हा बाकीचे शिष्य तीन वर्षं शोक पाळून घरी गेले. हा व्यापारी समाधीजवळ झोपडी बांधून आणखी तीन वर्षं राहिला. पैसा मिळवणं त्या परंपरेत पाप नव्हतं. पण जुन्या चीनमध्ये समाजाची जी चार पायऱ्यांची उतरंड मानत, तीत शिकलेला आधी, मग शेतकरी, मग कारागीर आणि शेवटी व्यापारी. उतरंडीचं मला कौतुक नाही, आपण आपल्या उतरंडीपायी पुरेसं भोगलंय. पण मोठ्यांचा मान म्हणून जिचा आधार तू घेतोस तिच्यातही तुझ्या दारात कट्टा घेऊन उभा असलेला माणूस तुझ्या वर आहे, एवढं लक्षात ठेव.

शिबिरात तुम्हाला जपानचं सांगितलं असेल. मीही सांगतो, आणि आपल्या मातीतून सांगतो.

शिबुसावा एइइची हा माणूस 1840 मध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्मला. घरचा धंदा निळीचा. सरकारी खजिन्यातली मोठी नोकरी सोडून 1873 मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक त्यानं चालवायला घेतली, पुढे पाचशेच्या आसपास कंपन्यांच्या उभारणीत हात घातला. 1916 मध्ये त्याच्या भाषणांचं पुस्तक निघालं. नाव काय, तर खुंग गुरुजींची वचनं आणि मणीचौकट. म्हणजे एका हातात नीती, दुसऱ्या हातात हिशेब. 2024 च्या जुलैपासून जपानच्या दहा हजारांच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. त्यानं ओसाकाला 1882 मध्ये सूतगिरणीची कंपनी उभी केली. गिरणीला कापूस हवा. तो कुठून? पुढे मुंबईहून, आणि मुंबईच्या बाजारात 'उमरा' नावाचा कापूस यायचा. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या वावरांतला आखूड धाग्याचा कापूस जपानच्या चात्यांवर चढला.

पण जहाजं युरोपी कंपन्यांच्या हातात, भाडं त्या म्हणतील ते. नागपूरला 1877 मध्ये एम्प्रेस मिल काढणारे जमशेटजी टाटा 1893 मध्ये जपानला गेले, शिबुसावाला भेटले, आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीची मुंबईची फेरी सुरू झाली. त्यातल्या इंग्रजी कंपनीनं लगेच भाडं पाडलं, इतकं की नव्या जहाजात माल भरणं म्हणजे हातचे पैसे घालवणं. इथल्या व्यापाऱ्यांचे पाय डळमळले. टाटांनी स्वतः भाड्यानं जहाजं घेऊन सुरू केलेली फेरी टिकली नाही. ओसाकाच्या गिरणीवाल्यांनी मात्र आपल्या संघातर्फे शब्द दिला होता, माल याच जहाजानं येईल. स्वस्त भाडं समोर असताना त्यांनी तो पाळला. कागदावर करारही होता, मी ते लपवत नाही. पण करार दोन्हीकडे असतात. फेरी टिकली, इंग्रजी कंपनीला तडजोड करावी लागली. याला म्हणतात जुवाची जोडणी. आणि त्या गाठींमध्ये कापूस कुणाचा होता? तुझ्या पणजोबासारख्या माणसांचा.

इथेच थांबलो तर मीही तुझ्या शिबिरातल्या वक्त्यासारखा होईन. त्याच गिरण्यांत खेड्यांतल्या कोवळ्या पोरी रात्रपाळीत बारा-बारा तास उभ्या असत. त्यांच्यासाठी कारखाना कायदा करायची गोष्ट निघाली तेव्हा मालक काय म्हणाले? आमच्याकडे मालक बाप आहे, कामगार लेकरं आहेत, घरात कायदा कशाला? शिबुसावानंही सुरुवातीला त्या कायद्याला विरोध केला, पुढे त्याचं मत बदललं. कायदा 1911 मध्ये मंजूर झाला आणि अंमलात यायला 1916 उजाडलं, त्याचं पुस्तक निघालं तेच साल. घरातलाच आहे! तुझ्या भावाबद्दल तू जे वाक्य रोज वापरतोस ते शंभर वर्षांपूर्वी ओसाकाच्या मालकांनी वापरून झिजवलं आहे. नात्याचं नाव घेऊन हक्क बुडवता येतो, हे त्यांना कळलं होतं.

चीनमधल्या शिकलेल्या पोरांना ते आपल्याआधी कळलं. 1919 च्या सुमाराला त्यांनी घोषणा दिली की खुंगचं दुकान मोडून काढा. दुकानच म्हणत, बरं का. लू शुन या लेखकानं 1918 मध्ये एका वेड्याच्या रोजनिशीची गोष्ट लिहिली. त्या वेड्याला जुन्या पोथ्यांतल्या सदाचाराच्या ओळींच्या मधल्या जागेत माणसं खाल्ल्याच्या खुणा दिसू लागतात. ती पोरं का चिडली होती? कारण पिढ्यान्‌पिढ्या थोरांनी धाकट्यांचं अर्धं वाचून दाखवलं आणि आपलं अर्धं मुठीत दाबून ठेवलं. बायकांच्या वाट्याला तर फक्त ऐकणं आलं. आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. त्यात खुंग गुरुजींच्या परंपरेचा दोष आहे, आणि मी तो झाकणार नाही. तुझी बायको बारावीला तालुक्यात पहिली आली होती. दुकानाच्या पायरीवर तिला मी कधी पाहिलं नाही. हे तू त्यांच्याकडून शिकलास की आपल्याच घरातून, ते तू ठरव.

कोरियात वरच्यानं खालच्याला तुडवण्याला स्वतंत्र शब्दच झाला आहे, गॅपजिल. 2014 च्या डिसेंबरात एका विमान कंपनीच्या मालकाच्या मुलीनं मॅकाडेमियाचे दाणे बशीत न देता पुडीत दिले एवढ्यावरून सुटलेलं विमान मागे फिरवायला लावलं आणि वरिष्ठ सेवकाला खाली उतरवलं. देश संतापला. तिला कोर्टात उभं राहावं लागलं. 2019 मध्ये कामाच्या जागी छळ करण्याविरुद्ध कायदा आला. ज्या समाजाचा दाखला तू भावाला देतोस, तो समाज स्वतःच्या थोरांना आता जाब विचारतो आहे.

मागच्या महिन्यात थप्पी कोसळून तुझ्या हमालाचा पाय दबला. गोदामाबाहेर गर्दी झाली होती, मी रस्त्यानं जात होतो. तू मोटारसायकलवरून उतरलास आणि पहिला शब्द काय काढलास? "कट्टे फुटले का?" खुंग गुरुजींचा तबेला एकदा जळाला. दरबारातून आल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला इजा झाली का? घोड्यांबद्दल विचारलं नाही. त्या काळी घोडा म्हणजे आजच्या ट्रॅक्टरएवढी किंमत. शिष्यांनी ही एवढीशी गोष्ट लिहून ठेवली, कारण माणूस अशा वेळी उघडा पडतो. तूही पडलास. हमालाचं प्लास्टर अजून निघालेलं नाही. त्याच्या घरी गेलास?

आता धाकट्यानं तोंडी लागण्याविषयी, म्हणजे मूळ गोष्टीवर येतो. पितृभक्तीवर एक जुना चिनी ग्रंथ आहे. त्यात शिष्य विचारतो, बापाची आज्ञा मुकाट्यानं पाळणं हीच भक्ती ना? गुरुजी वैतागतात. हे काय बोलणं झालं, म्हणतात. बापाला अडवणारा एक मुलगा घरात असेल तर बाप अधर्मात पडत नाही. बाप चुकत असेल तर मुलानं त्याला अडवलंच पाहिजे, नुसती आज्ञा पाळणं ही भक्ती कशी? हे तुझ्या तसबिरीतल्या माणसाच्या तोंडी घातलेलं आहे. आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं दुकान डोळ्यांपुढे आण. मीटरवर तेरा. पट्टीवर पंधरा. एक माणूस हळू आवाजात, मान राखून, 'दादा' म्हणून, पुन्हा लावून पाहू का विचारतो. त्या दुकानात खुंग गुरुजींचं शिकवणं नेमकं कोण पाळत होतं? तुझा भाऊ. एकटा. आणि तू त्याच गुरुजींकडे बोट दाखवून त्याला गप्प केलंस.

मला याचा राग आला आहे. आणि राग तुझ्यावर जितका आहे तितकाच वाईटही वाटतंय, कारण तू वाईट पोरगा नव्हतास. सातवीत स्कॉलरशिपच्या पेपरात तुला दोन गुण जास्त पडले होते, तू पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आलास आणि म्हणालास, गुरुजी, हे गणित माझं चुकलंय, गुण कापा. सगळा वर्ग हसला. मी तेव्हा तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो पोरगा कुठे गेला हे मला कळलं पाहिजे.

सांगतो ते कर. उद्या दुकान उघडण्याआधी मीटर घेऊन इकडे ये, माझ्या घरचं सोयाबीन त्यात लावू, मग तेच सोयाबीन वाशीमला बाजार समितीत दाखवून आकडा पडताळू. भावाला सोबत आण. त्याचा वाटा किती ते तुम्ही दोघं ठरवा, बापासमोर ठरवा, कागदावर उतरवा आणि तो कागद बापाला मोठ्यानं वाचून दाखव. गल्ल्याची दुसरी चावी आजच त्याच्या हातात दे. हमालाकडे संध्याकाळी जा, रिकाम्या हातानं जाऊ नकोस, आणि पाय बरा होईपर्यंतची मजुरी किती होते ते त्याला विचार, स्वतः ठरवू नकोस. तसबीर उतरवायची म्हणालो ते कायमची नाही. पुन्हा लावायची वेळ आली की तुझा भाऊ सांगेल.

आणि एक काम आत्ता, इथेच. ही वही घे. ही पेन्सिल. या हंगामात कुणाकुणाचे तेराचे पंधरा केलेस, ते तुला आठवतं. तुझी स्मरणशक्ती मला माहीत आहे, तीसपर्यंतचे पाढे तू उलटे म्हणायचास. माणसाचं नाव, कट्टे किती, किलो किती. खाडाखोड झाली तरी चालेल. मी चहा ठेवायला सांगतो.

पहिलं नाव लिही.